बारा शब्दांचे अकरा कागद

मंगळवार, १२. अर्धापूर.

आमच्या केळी गटाची ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्यांची सामाईक डिजिटल वही, म्हणे कुणा एकाच्या हातात नसते. ती बसवून देणाऱ्या पुण्याच्या साहेबानं मोबाईलवरच्या मतदानासाठी प्रत्येकाला बारा गुप्त शब्द दिले; ज्याच्याकडे शब्द, त्याला त्या नावानं मत देता येतं. आम्ही अकरा शहाण्यांनी ते कागदावर उतरवून अध्यक्षांच्या कपाटात ठेवले, हरवायला नकोत म्हणून. कपाटाची किल्ली त्यांच्या करदोड्याला.

आज माल कुणाला द्यायचा ते ठरलं. अकराही मतं अध्यक्षांच्या मेहुण्याला. त्यात माझंही. मी तर दुपारभर घड कापून राहिले होते, मोबाईल घरी.

जाब विचारला, तर कमरेची किल्ली चाचपत म्हणाले, "वहिनी, आता बदलता येत न्हाई. ब्लॉकचेन हाय."

कसलं डोंबलाचं विकेंद्रीकरण. आणि बोलू कुणाला? सगळ्यात आधी कागद मीच नेऊन दिला होता. वर मीच म्हणाले होते, नीट ठेवा.