गावात मावतील तेवढेच

सोमवार, ४ तारीख
आले एकदाची! नर्सची पहिली नोकरी आणि तीही असल्या आडगावात, म्हणून आईनं नाक मुरडलं होतं, पण मी खूश आहे. गाव बशीसारखं खोलगट. चहूकडे टेकड्या, उतारावर घरं, आणि मधोमध बंद पडलेल्या मिठाच्या खाणीचं तोंड. बाहेर जायला एकच चढाचा रस्ता, त्यावर सकाळची एक बस. वस्ती एकशे चाळीस. दुकानदार म्हणाला, त्याच्या आजोबांच्या वेळीही एवढीच होती. मी म्हटलं, मग माझ्यामुळे एक वाढला की! तो काही हसला नाही. दवाखान्यामागची माझी खोली आधी पोस्टमनची होती. बिचारा चष्मा खिडकीतच विसरून गेलाय.

गुरुवार, ७
शेजारी सुतार, त्याची बायको आणि आई. बायकोचे दिवस भरत आलेत. म्हातारी ठणठणीत, पण जिभेला हाड नाही. माझ्या चहाला तिनं तोंडावर भांडी धुतल्याचं पाणी म्हटलं आणि दोन कप प्यायली. मला फार आवडली. सध्या आपल्या वस्तू वाटत सुटली आहे. स्वतःची खाटसुद्धा तिनं पाळण्यासाठी मोडायला लावली. मी विचारलं, आजी, तुम्ही झोपणार कुठे? म्हणाली, मी आता खाली जाणार, पोस्टमन गेला तशी. खाली कुठे, ते काही सांगेना. रस्ता तर फक्त वर जातो.

रविवार, १०
सुताराच्या बायकोला तपासलं. पोटात दोन ठोके! जुळं! मी आनंदानं गल्लीभर सांगत सुटले. सुतार पाळणा ठोकायचा थांबला. त्याची बायको रडायला लागली, आनंदानं नव्हे. दुकानदारानं भरदुपारी दुकान बंद केलं. माझं काय चुकलं, कुणी सांगेल तर शपथ.

सोमवार, ११
म्हातारीनं सांगितलं. गावाखाली सगळं पोखरलेलं आहे. जमीन एकशे चाळीस माणसं पेलते, त्यावर एकही नाही. तिच्या लहानपणी कुणी ऐकलं नाही, तेव्हा अख्खी गल्ली माणसांसकट गडप झाली. म्हणून नवा जीव आला की एकानं खाणीत उतरायचं. माझ्यासाठी पोस्टमन उतरला. पहिल्या बाळासाठी ती स्वतः उतरणार. दुसऱ्यासाठी कुणीच तयार नाही, त्यामुळे दुसरं बाळच खाली जाईल.
मी म्हटलं, मी गाव सोडते, माझी जागा त्याला द्या. ती म्हणाली, वर गेलेल्याला जमीन वजा धरत नाही. खाली गेलेल्यालाच धरते.
वेड लागलंय सगळ्यांना. पण माझ्या भिंतीला तडा गेलाय, हात जाईल एवढा. काल नव्हता.

बुधवार, १३
बॅग भरून बसथांब्यावर उभी होते. सुतार धापा टाकत आला, कळा सुरू झाल्या म्हणाला. मी बसकडे पाहिलं. मग त्याच्यामागे धावले. भीती वाटतेय, फार वाटतेय.

बुधवार, दुपार
पहिली मुलगी. म्हातारीनं तिचं कपाळ हुंगलं आणि बाहेर गेली. परत आली नाही.
दुसरा मुलगा. निळा पडलेला, श्वास नाही. सगळे माझ्याकडे बघत होते — नुसती गप्प बसले असते तरी — कुणी बोल लावला नसता —
फुंकर घातली. पाठ चोळली. रडला. केवढ्यानं रडला!
जमीन हलली.

गुरुवार, १४
तडा दारापर्यंत आला. दुकानदाराचा ओटा खचला.  बस वर उभी आहे, सगळे मला जा म्हणतात —
सुतार बाळाला घेऊन निघाला. कापडात गुंडाळलंय. बायको उंबऱ्यात आडवी पडलीय, तिला ओलांडून —
तो खिडकीसमोरून जातोय. बाळ रडतंय. मीच रडवलं त्याला.
हाक मारली. थांबलाय. म्हटलं, त्याला आईकडे दे, मी उतर—