मानाची पहिली सही

वाघजाईवाडी, ता. तासगाव
२५ नोव्हेंबर १९७९

ती. बनूआक्का हिला धाकट्या मानसिंगचा नमस्कार. दाजींनाही माझा नमस्कार सांग.

इकडं आम्ही सगळे ठीक आहोत. तुम्हीही साताऱ्याला ठीक असाल असं धरून चालतो.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या सयाजीला माघात फौजेतून रजा मिळते आहे, तेव्हाच त्याचा नि अंजीचा बार उडवून टाकू, असं तू लिहिलंस. त्याचं पुढं लिहितो. आधी इकडच्या बातम्या ऐक. बागेत द्राक्षाचे घड चांगले धरलेत, विरळणी चालू आहे. आभाळ भरून आलं की मी दहादा बागेत जाऊन येतो. मोरचुदाची फवारणी झाली आहे, पण औषध देणाऱ्या दुकानदाराचा मला भरवसा नाही. अंजीच्या आईचा गुडघा जरा बरा आहे. बरा नसला तरी ती सांगत नाही, म्हणून मी तिच्या चालण्याकडं लक्ष ठेवून असतो.

दुसरी बातमी म्हणजे बालदिनाला गावात जीप आली होती. जीप म्हटल्यावर आपल्या गावात काय होतं तुला ठाऊकच आहे. आणीबाणीत लोकांना नसबंदीच्या ऑपरेशनला धरून नेलं तेव्हापासून धूळ दिसली की बाप्ये उसात शिरतात. आप्पासोचा थोरला शिरला तो दिवस मावळताना बाहेर आला. मी शिरलो नाही. पण पायांत वहाणा घालून दारात उभा होतो, हे खरं.

उतरल्या त्या सांगलीच्या एक बाई. गुणमालाबाई म्हणे, तिथल्या कुठल्याशा मंडळाच्या. बरोबर एक कर्णा आणि पांढऱ्या मांजरपाटाचा मोठा गठ्ठा. शाळेपुढं त्यांनी लोक जमवले आणि सांगितलं, की हे साल साऱ्या जगानं मुलांचं साल धरलं आहे. मुलांना शिकायचा हक्क, खेळायचा हक्क, पोटभर खायचा हक्क. देशोदेशींची माणसं त्यासाठी सह्या करताहेत. आपल्या जिल्ह्यातली गावोगावची कापडं शिवून एक करायची आणि ती मुंबईहून परदेशी पाठवायची.

मी पहिल्यापासून सावध होतो. निवडणूक तोंडावर आली आहे, तेव्हा आधी वाटलं, मतांचा डाव आहे. मग वाटलं, जमिनीच्या कमाल मर्यादेचं काही असेल. मी उठून विचारलं, "बाई, वाघजाईवाडीच्या सहीवाचून जगाचं काय अडलंय?"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सरकारं आपण होऊन काही करत नाहीत, मानसिंगराव. जगभरची माणसं आधी बोलली तर ती ऐकतात. तुम्हीच गप्प बसलात तर कुणाचं ऐकतील?"

माझं नाव बाईंना कुणी सांगितलं, हा मला तिथंच संशय आला.

मग त्यांनी कापडावर लिहिलेलं वाचून दाखवलं, पण माझं ध्यान त्या संशयातच होतं. शेवटी त्यांनी विचारलं, पहिली सही कोण करणार? कुणी हलेना. तेवढ्यात मला दिसलं, आप्पासो धोतराचा सोगा सावरून उठतोय.

आक्का, तू आपल्या घरची आहेस. बेंदराला वेशीतून पहिला बैल कुणाचा जाणार यावरून आबांच्या वेळेपासून त्यांच्या घराची नि आपली चुरस आहे. गावात कसलंही पहिलं काम निघालं आणि तो उठला, की माझे पाय आपोआप चालायला लागतात. मी त्याच्या आधी पोचलो, पेन घेतलं आणि अक्षर न वाचता झोकात सही ठोकली. खाली 'पाटील' असंही लिहिलं. आप्पासो मागं थांबून म्हणाला, "माझं आपलं सावकाश असतंय. मी वाचून करीन."

तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

बाईंनी कर्ण्यावरून सांगितलं, "गावाच्या वतीनं मानसिंगराव पाटलांनी शब्द दिला आहे, की मुलीचं लग्न अठराच्या आत करणार नाही आणि शेतीच्या कामासाठी मुलांची शाळा बुडवणार नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच रांगेत आपली सातवीतली अंजी बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती नुसती माझ्याकडं बघत होती.

आता आप्पासो पारावर भेटला की विचारतो, "पाटील, लेकीचं लगीन कवा धरलंय? जगाला कळवाय पायजे न्हवं?" बाईंना त्यानंच बोलावलं असणार, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. अजूनही पुरतं गेलेलं नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. सही काय, कापडावरची शाई. ते कापड जाईल तिकडं समुद्रापार, तिथून कोण बघायला येतंय? हिलाही मी तसंच म्हणालो. पण दुसऱ्या दिवशी अंजी विरळणीला आली नाही. दप्तर घेऊन शाळेला गेली. दहा दिवस झाले, रोज जाते. संध्याकाळी येऊन मुकाट्यानं बागेत हात लावते, पण शाळा बुडवत नाही.

मला वाटलं, पोरीला कुणीतरी फूस दिली. आधी गुरुजींना गाठलं. ते शपथेवर म्हणाले, मी काही बोललो नाही. मग हिच्यावर संशय घेतला. ही भाकरी थापता थापता म्हणाली, "म्या कशाला शिकवू? माझं ऐकतंय कोण ह्या घरात?" मग, रागावू नकोस, तुझ्यावरही घेतला. गेल्या दिवाळीला तू अंजीला पाटावर बसवून न्हाऊ घातलंस, तिच्याशी काहीतरी कुजबुजत होतीस, ते माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

शेवटी परवा दुपारी बागेत तिलाच विचारलं. "तुला कुणी शिकीवलं गं?"

"कुणी न्हाई."

"मग?"

"तुमीच सही केली न्हवं का, बाबा? मी समोरच हुती." मग घडातले बारके मणी कात्रीनं काढत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "सयाजीदादा वाईट न्हाईत. पर ते दिवाळीला आलं तवा माझ्या पोटात भ्या शिरलं. आत्याकडं मी जाईन बाबा, पर सुट्टीला. ऱ्हायला नगं."

मी तिला रागावणार होतो. तोंडही उघडलं होतं. पण आक्का, मला तुझं लग्न आठवलं. मी लहान होतो, पण आठवतं. मुहूर्ताच्या वेळी तू मांडवात गाढ झोपली होतीस. आईनं तुला उठवून, तोंडावरून ओला हात फिरवून उभं केलं. पहिल्या सणाला आलीस आणि परत जायच्या दिवशी धान्याच्या कणगीत शिरून बसलीस. आबांनी दंडाला धरून बाहेर काढलं. तू रडलीही नाहीस. सगळे म्हणाले, पोर शहाणी आहे. तेव्हा तू अंजीएवढीच होतीस, कदाचित तिच्याहून लहान. तुझी शाळा चौथीलाच सुटली, तरी अक्षर अजून माझ्यापेक्षा चांगलं आहे.

तुला कुणी विचारलं होतं का गं? मी आयुष्यात सगळ्यांना सगळं विचारलं, हे तेवढं तुला कधी विचारलं नाही.

तर आता ते लिहितो. अंजी पाळण्यात असताना तुला दिलेला शब्द मी मोडतो आहे. सयाजी सोन्यासारखा आहे, त्याच्यात खोट काढली तर माझी जीभ झडेल. त्याच्या जोडीची, मोठी, कळती मुलगी बघा. मी स्वतः फिरून शोधतो. अंजीला अठरा पूर्ण झाल्यावर तो बिनलग्नाचा असला आणि अंजी हो म्हणाली, तर माझी ना नाही. पण विचारायचं तिला. मला नाही. लोक म्हणतील, पाटील सहीला घाबरला. म्हणू देत. सहीपेक्षा मी त्या पोरीच्या बघण्याला जास्त घाबरलो आहे.

हे वाचून दाजी संतापतील. मानसिंगच्या दारात पाय ठेवू नको म्हणून तुला शपथ घालतील. आई-आबांच्या मागं मला मोठं माणूस म्हणून तूच आहेस. तू येईनाशी झालीस तर या घराला माहेर कोण म्हणणार? हा विचार करून जेवण जात नाही. हिनंही परवापासून गोडाचं काही केलं नाही.

दाजींना इथपर्यंतच वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं आहे.

माझा स्वभाव संशयी, हे तू लहानपणापासून म्हणत आलीस. आता एकच संशय उरला आहे. मला वाटतं, हे वाचून तू चारचौघांत कपाळाला हात लावशील, मला दोन शिव्या देशील, आणि नंतर एकटी असताना तुला बरं वाटेल. आजवरचे माझे सगळे संशय खोटे निघाले तरी चालेल, एवढा एक खरा निघू दे.

दिल्या शब्दाला न जागलेला,
तुझा भाऊ
मानसिंग