युकोसानचा कोंबांचा भात

शनिवार, एप्रिल. बोब्लिंगेन, जर्मनी

खालच्या मजल्यावरच्या युकोसान आज बांबूचे ताजे कोंब घेऊन वर आल्या. त्यांच्या मुलीने फ्रँकफर्टच्या जपानी दुकानातून पाठवलेले. वसंत आला की जपानी घरात हे शिजतातच, आणि हिरोशीसानना, त्यांच्या नवऱ्याला, यंदा त्यांची फार आठवण येत होती. महिनाभर अंथरुणावर आहेत. अन्न घशाखाली उतरत नाही.

कडूपणा काढायला तांदळाचा कोंडा लागतो, तो मिळाला नव्हता. मी तांदळाचं धुवण दिलं. चंद्रपूरला आम्ही कोंबांना वास्ते म्हणतो. आईचीही त्या कडूपणाशी अशीच झटापट चालायची. युकोसान आणि मी मिळून कोंब सोलले, उकडले, भातात शिजवले आणि भात घेऊन खाली त्यांच्या घरी गेलो.

हिरोशीसाननी एक तुकडा तोंडात घेतला. कितीतरी वेळ चघळला. गिळता येईना, शेवटी रुमालात काढून ठेवला. मग जपानीत काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणतात?" मी युकोसानना विचारलं.

"छान झालाय म्हणतात. मला म्हणाले, तू खा, मी बघतो."

युकोसान पलंगाशी बसून वाडगा संपेपर्यंत खात राहिल्या. ते प्रत्येक घासाकडे बघत होते. तो चघळलेला तुकडा रुमालात तसाच. मी तिथे का थांबले? उठून यायला हवं होतं का?

स्वयंपाकघरात त्यांनी वाडगा विसळला आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "भातात मी मीठच घातलं नव्हतं. मीठ कमी पडलं की लग्नापासून ओरडत आलेत. आज ओरडले नाहीत."