पी.टी. हा काही विषय नाही

१८ जानेवारी, शॉमबर्ग
मंडळाचं हळदीकुंकू. तिळगूळ दुकानातला, दगडासारखा. वाण म्हणून पुन्हा प्लास्टिकचा डबा.

मंडळातली सुलेखा सांगत होती, काकू, आमच्या ओळखीतल्या एका मुलाची ऍडमिशन कॉलेजने जूनमध्ये परत घेतली. शेवटच्या सेमिस्टरला डी आला म्हणून. माझ्या हातातला लाडू हातातच राहिला.

आमच्या नातीला, हिमानीला, इंजिनिअरिंगची ऍडमिशन डिसेंबरातच मिळाली. तेव्हापासून या घरात ग्रेड हा शब्द कुणी उच्चारत नाही. सूनबाईंनी शाळेच्या ऍपचं नोटिफिकेशनसुद्धा बंद केलं आहे. रेणूचं म्हणणं, आई, चार वर्षं टिंग टिंग ऐकलं, आता शांती हवी. शांती! आईला शांती आणि लेकीला डी.

अतुलला विचारलं. चिरंजीव टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, बारावीच्या ग्रेड्स बघतात गं, पण कुणी अगदी वेड्यासारखं काही केलं नाही तर काही होत नाही.

हे म्हणे आयटीत मॅनेजर.

संकल्प: हिमानीचं कॅल्क्युलस मी हातात घेणार. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, कॉन्व्हेंटमध्येच जन्मभर गणित शिकवलं. घरात एवढी सोय असताना पोर वाऱ्यावर का?

२१ जानेवारी
अडचण वेळेची. संध्याकाळी तिचं रोबोटिक्स. वेळापत्रक मागून घेतलं. शेवटचा तास पीई. म्हणजे आपली पी.टी. आणि तीही रोज! बारावीच्या मुलीला! हिमानी म्हणाली, आजी, इट्स द लॉ. उड्या मारायचा कायदा!

मी दरवर्षी पोर्शन पूर्ण केला तो पी.टी.च्या तासांवरच. मैदानावरून अख्खा वर्ग उचलायचा आणि फळ्यासमोर बसवायचा. एकाही पालकाने तक्रार केली नाही. पी.टी.च्या सरांनी केली होती. पण ते पी.टी.चे सर.

२२ जानेवारी, दुपार
ऑक्टोबरात अतुल-रेणू दोघंही कामासाठी बाहेरगावी होते, तेव्हा शाळेत पालक म्हणून माझं नाव लावून ठेवलं होतं. ते कामी आलं. अटेंडन्स लाइनवर, म्हणजे गैरहजेरी कळवायच्या नंबरवर, फोन केला. मशीन होतं. मी स्पष्ट उच्चारात सांगितलं: धिस इज हिमानीज ग्रँडमदर. काइंडली एक्स्क्यूज हर फ्रॉम द लास्ट पीरियड, ओइंग टू अ प्रेसिंग डोमेस्टिक ऑब्लिगेशन. आमच्या सिस्टर असत्या तर डोळे पुसले असते.

हिमानी म्हणाली, आजी, पीई काउंट्स, यू नो. मी म्हटलं, आधी इंटिग्रेशन. मग तीच विचारते, उद्यापण येऊ का लवकर? अभ्यासाची ओढ उपजतच असावी लागते.

९ फेब्रुवारी
रोज फोन. रोज परवानगी. आई-बापांना सांगितलेलं नाही. निकालच बोलेल.

आज बर्फ. पोर गारठून आली, म्हणून आधी पोहे. मग थोडी मालिका, मेंदूला विश्रांती म्हणून. मग एक गणित. तिने सोडवलं, मी तपासत बसले. म्हणाली, आजी, उत्तर पुस्तकात मागे आहे. आमच्या वेळी असले लाड नव्हते.

५ मार्च
इंडियन ग्रोसरीत जायचं होतं. ड्राइव्ह तीच करते. वाटेत तोंडी परीक्षा घेतली. दुकानात दुधी भोपळ्याचं घनफळ काढायला लावलं. येताना तिने बोबा टी पाजला. चहात साबुदाणा! अन्न टाकू नये म्हणून संपवला. तिचा उरलेलाही.

२६ मार्च
कॅल्क्युलसमध्ये ए! हिमानी म्हणते, आजी, डिसेंबरमध्येपण ए-च होता. मी म्हटलं, तो पायाशिवायचा ए होता.

१७ एप्रिल
अनर्थ. शाळेच्या काउन्सेलरचा रेणूला ऑफिसात फोन. पीईमध्ये एफ. परवानगी घेतली असली तरी बुडालेला प्रत्येक तास नंतर भरून काढायचा असतो म्हणे, नाहीतर शून्य. पीईत नापास म्हणजे ग्रॅज्युएशन नाही. ग्रॅज्युएशन नाही म्हणजे ऍडमिशन नाही.

रेणूने डिशवॉशरमध्ये भांडी लावली, ती कोपऱ्यावरच्या घरापर्यंत ऐकू गेली असतील. अतुल म्हणाला, आई, माझे पी.टी.चे तासपण तूच खाल्लेस, हे बघ काय झालंय. आणि पोटावरून हात फिरवला.

हिमानी गॅरेजमध्ये गाडीत बसून राहिली होती. मी काच वाजवली. म्हणाली, आय टोल्ड यू, आजी. बट मलापण घरी यायचं होतं, सो इट्स ऑन मी टू. मग रडली. मला एकदम कसंसंच झालं. गॅरेज फार थंड असतं इथलं.

२० एप्रिल
रेणू आणि मी शाळेत गेलो. मी पांढऱ्या इस्त्रीच्या साडीत, मुद्दे पाठ करून. ऑफिसातली बाई उठून उभी राहिली. तुम्हीच का त्या ग्रँडमदर? तुमचे मेसेज आम्ही सगळे मिळून ऐकतो. एक तर मी माझ्या नवऱ्याला ऐकवला. उच्चारांची कदर करणारी माणसं अजून आहेत.

पीईच्या कोचबाई उंच, गळ्यात शिट्टी. मी मुद्दा मांडला: राष्ट्र बुद्धीवर उभं राहतं, उड्यांवर नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, मॅम, वाकून पायाच्या बोटांना हात लागतात का तुमचे? प्रश्न विषयाला सोडून होता. साडीत शक्य नाही, असं सांगितलं. रेणू खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते.

तोडगा: शाळेआधी पावणेसातला ट्रॅकवर, रोज. तरच पास. सोबत घरातलं एक मोठं माणूस हवं. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. देखरेखीला मी केव्हाही तयार असते.

२७ एप्रिल
बाकावर बसून देखरेख करायचं ठरवलं होतं. बाक ओला. उभं राहावं तर वारा. म्हणून चालले. व्यायाम म्हणून नव्हे. कोचबाई ओरडल्या, नाइस पेस, ग्रँडमा!

रेणूने बूट आणून दिले. जांभळे. आई, साडीखाली दिसत नाहीत हो, म्हणाली. दिसतात.

१२ मे
चालता चालता हिमानीला डेरिव्हेटिव्ह विचारायचा बेत. श्वास पुरला नाही. मग तिनेच मला विचारला. उत्तर येत होतं. श्वास नव्हता.

२० मे, बुधवार
पोटऱ्यांचे दगड झालेत. उठले नाही. खालून आवाज आला, माझाच वाटला. हिमानी फोनवर: काइंडली एक्स्क्यूज माय ग्रँडमदर, ओइंग टू अ प्रेसिंग डोमेस्टिक ऑब्लिगेशन. उच्चार निर्दोष. काहीतरी शिकवलं म्हणायचं. सोबतीला अतुल गेला, पोट घेऊन.

२२ मे
हिमानी पीईत पास. सी. ऍडमिशन शाबूत. रेणूने पेढे आणले. पी.टी.त सी मिळाला म्हणून पेढे! हिमानीने पहिला मला भरवला, गळ्यात पडली. खाल्ला.

कोचबाईंचा निरोपही तिच्याबरोबरच आला. ग्रँडमाची बुधवारची रजा मंजूर आहे. पण बुडालेला तास भरून काढावा लागेल. मंगळवारी, पावणेसात.

मी जाणार नाही. पी.टी. हा काही विषय नाही.

बूट दवाने भिजले होते, ते डेकवर उन्हात ठेवले आहेत. मंगळवारपर्यंत वाळतील.