तंबूंना प्रवेश नाही

रविवार, २ नोव्हेंबर २०२५. सकाळी ८
आजपासून रोजनिशी. संस्थापक-अध्यक्षाने नोंदी ठेवलेल्या बऱ्या. पुढे कोणी क्लबचा इतिहास लिहायला बसलं तर त्याची धावपळ नको.

जव्हार कॅरॅव्हॅन क्लब काल आमच्या हॉलमध्ये स्थापन झाला. हजर: मी (देवानंद, निवृत्त वरिष्ठ लिपिक), बायको पुष्पा, मित्र कमलेश, आणि कमलेशची मिसेस, फोनवर. कॅरॅव्हॅन एकूण दोन. माझी म्हणजे शाळेची जुनी मिनीबस. आत बेड, सिंक, पडदे, सगळं केलंय. कमलेशची म्हणजे व्हॅन, मागची सीट काढून गादी टाकलेली. हिला कॅरॅव्हॅन म्हणावं का? मी उदार धोरण ठेवलं.

रिटायर झालो की पुष्पाला घेऊन फिरायचं, म्हणून तर गाडी घेतली. आठ महिने झाले. पुष्पा आत एकदाही झोपलेली नाही. डिझेलचा वास येतो म्हणते. मला तर येत नाही. पण क्लब वाढला की चार कॅरॅव्हॅनवाल्या बायका भेटतील, गप्पा होतील, हिलाही गोडी लागेल. हा खरा प्लॅन. कमलेशला सांगितलेला नाही.

रजिस्ट्रेशनला सात सभासद लागतात. आहेत चार. पंधरा दिवसांत पंचवीस होतील.

बुधवार, ५ नोव्हेंबर
हर्षदा मॅडम घरी आल्या. इथे शाळेत शिकवतात. त्यांचा सात बायकांचा ग्रुप आहे, सुट्टी पडली की डोंगरात मुक्काम करतात. क्लबमध्ये यायचंय म्हणाल्या. मी आनंदाने विचारलं, गाडी कोणती? गाडी नाही म्हणाल्या. तंबू आहेत.

तंबू!

समजावून सांगितलं की हा कॅरॅव्हॅन क्लब आहे, काही दर्जा आहे. आज तंबू घेतला की उद्या कोणी चटई घेऊन उभा राहील. बाई हसल्या. पुष्पाने त्यांना दोनदा चहा दिला. मला एकदाच.

त्या गेल्यावर लगेच नियम क्र. ४ लिहिला: तंबू, झोळी, चटई वा तत्सम इतर प्रकारांना प्रवेश नाही. 'तत्सम' शब्द टाकला की निम्मं काम होतं. बत्तीस वर्षांचा अनुभव आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर
पहिल्या शिबिरासाठी सूर्यमाळला रेकी, म्हणजे जागेची पाहणी. एकटाच गेलो. खोडाळ्यात चार पोरं दप्तरं सावरत गाडीमागे पळाली. खिडकीखालचा शाळेचा पिवळा रंग अजून दिसतो. रंग द्यायला हवा.

वर पाड्यात उतारच उतार. आणि एकदम, पंढरी नावाच्या शेतकऱ्याच्या घराजवळ, ही सपाट जागा! टेबलासारखी. पंढरी स्वतः चोपून चोपून ती सारखी करत होता. याला म्हणतात सेवाभाव. त्याला म्हटलं, डिसेंबरात आम्ही इथे मुक्कामाला येणार, चालेल ना? तो म्हणाला, या की. झालं, करार पक्का.

घरी येऊन नकाशा काढला. सपाट जागेवर कॅरॅव्हॅन, क-१ ते क-५. गाड्या दोनच आहेत, पण दूरदृष्टी ठेवावी लागते.

रविवार, १६ नोव्हेंबर
सभासद चारच.

व्हॉट्सॲपवर जाहिरात टाकली होती. एक फोन आला. गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला मिळेल का, असं विचारत होते. फोन ठेवला.

कमलेश म्हणतो, घेऊन टाक त्या तंबूवाल्यांना, एका फटक्यात अकरा होतील. कमलेशला कणा नाही. त्याला म्हटलं, सात तंबूंपुढे दोन कॅरॅव्हॅन, मतदान झालं तर आपली काय पत राहील? तो म्हणाला, आत्ता काय आहे?

यावर विचार केला. रागावूनही झालं. मग तोडगा काढला. तंबूवाल्यांनी शिबिराला निरीक्षक म्हणून यावं. मत नाही. नकाशावर त्यांची जागा मोहाच्या झाडापलीकडचा उतार. हर्षदा मॅडमना कळवलं. त्या लगेच हो म्हणाल्या. स्वाभिमान म्हणून काही असतो की नाही!

पुष्पानेही शिबिराला येते म्हटलं. हर्षदा येणार आहे म्हणून, असं पुढे जोडलं. कारण काही का असेना. प्लॅन लागू पडतोय.

शुक्रवार, १२ डिसेंबर
तयारी पूर्ण. जनरेटर, दोन खुर्च्या, पायपुसणं, क्लबचा फलक. गाडीत अगरबत्ती फिरवली. बेडवर पुष्पाच्या आवडीची जांभळी चादर घातली. ती बघून पुष्पा म्हणाली, छान आहे. उद्या रात्री ती आत झोपणार, यात मला शंका नाही.

शनिवार, १३ डिसेंबर. संध्याकाळी ५, सूर्यमाळ
घोटाळा झाला आहे.

पोचलो तर सपाट जागा चकचकीत शेणाने सारवलेली. कडेला भाताच्या भाऱ्यांची उडवी, नागलीची रास. मला वाटलं आमच्या स्वागतासाठी. हॉर्न देत गाडी वळवली तर पंढरी हात आडवे करून पुढे धावला. भाऊ, खळा हाय हा, म्हणाला. हितं चपला घालून नाय चढत कोन.

मी उतरलो, चपला काढल्या, आता ठीक आहे ना म्हणून विचारलं. तो गाडीच्या चाकांकडे बघत राहिला. मग अगदी गरिबीने म्हणाला, तुमच्या काढल्या भाऊ, हिच्या कशा काढायच्या?

सगळे हसले. पुष्पा सगळ्यात मोठ्याने. पुष्पाचं माहेर खोडाळ्याचं. हे खळं आहे हे तिला रेकीच्या फोटोवरूनच कळलं होतं म्हणे. सांगितलं का नाही, असं विचारलं तर म्हणाली, तुम्ही क-१ क-२ करत होता.

पंढरीने तंबूवाल्यांना मात्र खळ्यावर बोलावलं. तो स्वतः रोज तिथेच झोपतो, रानडुकरं येतात धान्याला. सोबत होईल म्हणाला. बायकांनी चपला काढल्या, अनवाणी खळ्यावर गेल्या, खुंट्या न ठोकता पंधरा मिनिटांत तंबू उभे. शेण जराही उखडलं नाही. मी बघत होतो ना, काही चूक सापडते का.

दोन्ही कॅरॅव्हॅन उतारावर. मोहाच्या झाडापलीकडे. चाकांना दगड लावले आहेत.

रविवार, १४ डिसेंबर. सकाळी ६.३०
झोप उत्तम. डोकं खाली, पाय वर, असं झोपल्याने रक्ताभिसरण सुधारतं. तीन वेळा सिंकवर आपटलो. पडद्याचा रॉड निघाला. किरकोळ.

कमलेश नऊ वाजताच गादी काखोटीला मारून खळ्यावर गेला. कणा नाही, आधीच लिहिलंय.

पुष्पा आत आली होती. जांभळ्या चादरीवर बसली, घसरत दारापर्यंत आली, आणि हसत हसत तशीच खाली उतरली ती हर्षदाच्या तंबूत. लहानपणी ती वडिलांबरोबर खळ्यावर राखणीला झोपायची म्हणे. पेंढ्यात, घोंगडीखाली. आज सकाळी कळलं मला हे. तीस वर्षांत कधी बोलली नाहीस, असं म्हटलं. ती म्हणाली, सांगितलं होतं. तुम्ही पेपर वाचत होतात.

रात्री तिचं हसणं उतारावर ऐकू येत होतं. घरी इतकी हसत नाही ती. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

जनरेटर लावून बघितला. पंढरी येऊन म्हणाला, कोंबड्या बिथरल्या, बंद करा. केला.

त्याच दिवशी, सकाळी ११
सर्वसाधारण सभा, खळ्यावर, अनवाणी. पाय गारठले. पंढरीच्या घरून काळा चहा.

विषय: तंबूंना प्रवेश द्यावा काय. मी नियम क्र. ४ वाचून दाखवला, 'तत्सम' वर जोर देऊन. पंढरी भाऱ्याला टेकून ऐकत होता. त्याने विचारलं, आमी दिवाळी झाली का वीटभट्टीवर कामाला जायचो, चार म्हयने ताडपत्रीखाली, पोराबाळांसकट. आमी कशात बसतो भाऊ?

तो चिडून बोलला नाही. खरोखर माहिती विचारत होता. मी नियम पुन्हा वाचला. मनात. त्याला कुठे बसवावं हे सापडेना. म्हणजे सापडलं, 'तत्सम'मध्ये, पण ते त्याच्या खळ्यावर बसून, त्याचा चहा पीत म्हणायला जीभ वळेना.

हर्षदा मॅडमनी माझाच पेन घेतला आणि लिहिलं: जो बाहेर मुक्काम करतो तो सभासद. टाळ्या. हात वर झाले. कमलेशने दोन्ही केले. पंढरीचं नाव तिथल्या तिथे लिहिलं. सभासद बारा!

मीही हात वर केला. दबावाखाली नाही. अध्यक्षाला काळाची पावलं ओळखता यायला हवीत. खरं तर तंबूंना घ्यावं ही कल्पना मुळात माझीच, निरीक्षक म्हणून त्यांना आणलं कोणी?

सोमवार, २२ डिसेंबर
रजिस्ट्रेशनसाठी कार्यकारिणी निवडली. अध्यक्षपदासाठी माझं नाव मीच सुचवणार होतो, पण ते बरं दिसत नाही म्हणून थांबलो. तेवढ्यात पंढरीने फोनवरून पुष्पाचं नाव सुचवलं. वहिनीला खळ्याची जाण हाय, म्हणाला. बिनविरोध.

मी संस्थापक. संस्थापक हे पद अध्यक्षाच्या वर असतं. कुठे लिहिलेलं नाही, पण असतं.

कमलेशने व्हॅनमध्ये परत सीट बसवली. सासूबाईंना दवाखान्यात न्यायला सोयीचं पडतं म्हणे. म्हणजे क्लबमध्ये कॅरॅव्हॅन आता एक.

शनिवार, २७ डिसेंबर
उद्या आमच्याकडे सभा. पुढचा मुक्काम अशा माळावर ठरतोय जिथे गाडीरस्ताच नाही. त्यामुळे विषयपत्रिकेवर: कॅरॅव्हॅनला क्लबमध्ये ठेवावे काय.

हसूच आलं. कॅरॅव्हॅन क्लबमध्ये कॅरॅव्हॅन ठेवायची का! नाव आता मुक्काम मंडळ केलंय, ही गोष्ट वेगळी.

चिंता नाही. अकरा मतं. माझं धरलेलं नाही, हितसंबंध आहेत म्हणून मला मत नाही. नियम क्र. ९, मीच लिहिलाय. पुष्पा आपली. कमलेश आणि मिसेस आपलेच. पंढरी भला माणूस. हर्षदा मॅडमच्या ग्रुपमधल्या दोघींना माझी जांभळी चादर फार आवडली होती. झाली सहा. ठराव आपल्या बाजूने. भाषण पाठ केलंय: मोठ्या मनाने सर्व प्रकारच्या मुक्कामकऱ्यांना सामावून घ्या, प्रवेश नाही ही भाषा संकुचित आहे.

भाषण छान जमलंय.

रविवार, २८ डिसेंबर. संध्याकाळी ७
भाषण झालं. टाळ्या पडल्या. मग हर्षदा मॅडम म्हणाल्या, चर्चा आणि मतदानाला हितसंबंधितांनी बाहेर थांबावं. हेही नियम क्र. ९ मध्येच आहे म्हणे. मी आपल्याच घरातून बाहेर पडून आपल्याच फाटकाशी पाऊण तास उभा होतो. समोरच्या धोंडीबाईंनी विचारलं, किल्ली हरवली का भाऊ? हो म्हटलं.

निकाल: बाजूने पाच. विरोधात सहा. माझं सभासदत्व कायम, वाहन नाही.

एका मताने गेलं! कमलेशने देवाशप्पथ घेतली की त्याचं आणि मिसेसचं, दोन्ही मतं मला. पंढरी ST पकडायला निघाला होता. माझा हात धरून म्हणाला, भाऊ, मी गाडीलाच दिला, बिचारी एकटी हाय. जांभळ्या चादरवाल्या दोघींनीही फाटकाशी थांबून सॉरी, आम्ही तुम्हालाच दिलं, असं सांगितलं. एकूण पाच. कागदावर परत परत बेरीज केली. पाचच.

पुष्पाला विचारलं. मतदान गुप्त असतं, म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने रवा भाजल्याचा वास आला.

पुष्पा शिरा दोनच वेळा करते. पाहुणे आले की, आणि तिच्या हातून माझं काही बिघडलं की. पाहुणे तर सगळे गेले होते.

वाटी समोर ठेवताना सहज बोलल्यासारखं म्हणाली, गेल्या मंगळवारीच तंबू मागवलाय. दोघांचा.

दुसरं कोण, ते मी विचारलं नाही. हर्षदाचं नाव निघालं असतं तर काय घ्या. शिरा चांगला झाला होता, साजूक तूपही हात सैल सोडून घातलं होतं. दोन वाट्या खाल्ल्या.