शहाण्णव टक्के

संग्रामपूर,
२ डिसेंबर

प्रिय प्राची,

तू नोकरी सोडून आपल्या गावी, धाडला, परतलीस त्याला तीन महिने झाले. आईबरोबर भाजीच्या वाफ्यांत राबतेस, पण कॉम्प्युटरला हात लावत नाहीस, असं तुझी बहीण वंदना सांगत होती. ते ऐकल्यापासून कितीदा लिहायला बसले. फोन केला असता, पण तू मध्येच ‘जाऊ दे ना’ म्हणाली असतीस, आणि मी जाऊ दिलं असतं.

मी संस्थेच्या पूर-इशारा कक्षात नवी स्क्रीन बसवतेय. चोवीस वस्त्या, प्रत्येकीची वेगळी ओळ, अडकलेली वस्ती सगळ्यात वर, लाल. तू पहिल्याच आठवड्यात वहीत काढून दाखवली होतीस तीच. “पुष्पांजली, चोवीस कामं एकाच वेळी चालणार. कोणतं अडकलं ते एक पट्टी कशी सांगेल?” असं विचारलं होतंस. मी हसले होते. साहेबांना सुटसुटीत काहीतरी हवं होतं. मी सगळ्यांची सरासरी काढून किती टक्के काम झालं ते दाखवणारी एकच पट्टी ठेवली, आणि पंचाण्णवच्या पुढे ती हिरवी होईल असं केलं. दिसायला छान दिसायची.

ऑगस्टमधल्या त्या दुपारची पूर्ण हकिगत मी तुला कधी सांगितलीच नाही. कक्ष सांभाळणाऱ्या शालिग्रामभाऊंच्या शेजारी मी बसले होते. सातपुड्यात सकाळपासून कोसळत होतं, नदी चढत होती. तीन वाजता भाऊंनी बटण दाबलं आणि सगळ्या वस्त्यांना एकदम इशाऱ्याचे फोन जाऊ लागले. पट्टी भराभर सरकली, शहाण्णववर आली, हिरवी झाली. “झालं मॅडम, सगळ्यायले गेले फोन,” म्हणत भाऊ खुर्चीत मागे टेकले. मी चहा मागवला. दहा मिनिटं गेली, वीस गेली, पट्टी हलेना. राहिलेले चार टक्के म्हणजे फोन न उचलणारी माणसं असतील, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. मग एकदम हिशेब डोक्यात आला. तेवीस भागिले चोवीस म्हणजे शहाण्णव टक्के. मी कॉम्प्युटरमधली आतली नोंद उघडली. तेवीस वस्त्या पूर्ण, आणि नदीच्या वळणावरची एक शून्यावर. त्या बाजूचा टॉवरच बंद पडला होता.

भाऊंनी मोटारसायकल काढली, मी मागे बसले. नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत होतं; डोळे मिटून त्यांचा शर्ट धरला. पोचलो तेव्हा माणसं शाळेच्या गच्चीवर चढत होती. त्या वस्तीतल्या जानरावांच्या पत्नी पुष्पाबाई म्हशी सोडायला गोठ्यात गेल्या होत्या, तिथे भिंत अंगावर आली. चौघांनी त्यांना छातीभर पाण्यातून बाहेर काढलं. जीव वाचला, पण पाय गुडघ्याखालून काढावा लागला. जानराव माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, “पोरी, आमाले फोन काऊन नाही आला वं?”

चौकशीच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, टॉवर बंद होता तर फोन लावणाऱ्या भागाने तसं कळवलं का नाही? प्रोग्रामचा तो भाग तू लिहिला होतास. माझ्याकडे वळून तू विचारलंस, “माझ्याकडून काही राहिलं का गं?” मी म्हणाले, “माहीत नाही.” मला माहीत होतं, प्राची. ती नोंद मी त्याच दुपारी पाहिली होती. ‘या वस्तीला फोन लागत नाही’ असं तुझ्या भागाने तीन वाजून सात मिनिटांनी कळवलं होतं, आणि नंतर दर पाच मिनिटांनी तो कळवत राहिला होता. माझ्या स्क्रीनवर ते दाखवायला मी जागाच ठेवली नव्हती. काल हे मी साहेबांना आणि संस्थेला लेखी दिलं. आज सकाळी जानरावांच्या घरी जाऊन सांगितलं. पुष्पाबाईंनी तोंड फिरवलं. नोंदीची प्रत सोबत जोडली आहे, तुझ्या डोळ्यांनी वाच. तुझ्याकडून काहीही राहिलं नव्हतं.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
पुष्पांजली