श्री. तत्रैव यांचा सत्कार रद्द करण्याबाबत

तामसी, ता. ११ फेब्रुवारी १९९१

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी व संपादक,
'सीमाबोली' त्रैमासिक,
जिल्हा बोली संशोधन मंडळ, आदिलाबाद.

विषय : माझ्या लेखाच्या संदर्भसूचीतील 'तत्रैव' ही व्यक्ती नसल्याबाबत, आणि तिला जाहीर झालेला सत्कार सोनाबाई महिपत भोयर यांना मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपली 'लेखकांसाठी नियमावली', नियम ९.
२) श्री. तत्रैव यांच्या चौकशीची आपल्या कार्यालयाची सर्व पत्रे.

महोदय,

अर्ज करण्यास कारण की, मी तामसी येथील सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक असून 'तामसी परिसरातील मुलांची कोडी' हा माझा लेख आपण छापण्यास स्वीकारला आहे. त्याबद्दल आभारी आहे. मुलाला अक्षर देण्याआधी कोडे द्यावे, म्हणजे ते आपण होऊन जवळ सरकते, हा माझ्या नोकरीचा सारा अनुभव त्या लेखात आला आहे. इथे तो लांबवत नाही.

१. लेखातील बहुतेक कोडी माझ्या शेजारी राहणाऱ्या सोनाबाई महिपत भोयर यांनी स्वतः रचलेली आहेत. कापूस वेचता वेचता त्या कोडे जुळवतात आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर शिकायला येणाऱ्या मुलांना घालतात. नमुन्यादाखल : 'एका पायाची बाई, मोत्याची पाटी डोई, पाखरं लुटती, बोलत नाई.' (उत्तर : ज्वारी.) आपला नियम ९ असा की, प्रत्येक कोड्यापुढे सांगणाऱ्याचे नाव व गाव द्यावे, मात्र तीच व्यक्ती लागोपाठ आल्यास नाव पुन्हा न लिहिता 'तत्रैव' लिहावे. जन्मभर मुलांना नियम पाळायला शिकवले, म्हणून मीही पाळला. परिणामी सूचीत सोनाबाईंचे नाव एकदा आले आणि त्याखाली चाळीस वेळा तत्रैव.

२. आपल्याकडे संदर्भ तपासणारे श्री. नरसिंगराव हे नुकतेच रेशन कार्ड विभागातून बदलून आले असल्याचे कळते. नियमावली त्यांच्या येण्याआधी छापलेली आहे. रेशनच्या यादीत एक ओळ म्हणजे एक माणूस, आणि बोगस नाव पकडणे हे तिथले मुख्य काम. त्यामुळे त्यांचे पहिले पत्र आले : 'तत्रैव यांचा पत्ता दिलेला नाही, कळवावा.' मी कळवले की तत्रैव म्हणजे 'तिथेच'. उत्तर आले : 'तिथेच हा पत्ता अपुरा आहे. गाव, मंडल व घर क्रमांक लिहावा.'

मूल चुकले तर उदाहरण बदलून पाहावे, हा माझा परिपाठ. म्हणून मी लिहिले की, निजामाच्या काळच्या कागदांत ज्याला 'ऐजन' म्हणत, तोच हा तत्रैव. यावर पत्र आले : 'सदर इसम तत्रैव उर्फ ऐजन या दोन नावांनी वावरत असल्याचे दिसते. दोन्ही नावे एकाच इसमाची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे.'

उदाहरण चुकले, हे मान्य करतो.

३. त्यानंतर श्री. नरसिंगराव स्वतः चौकशीस तामसीला आले. बस स्टँडजवळच्या हॉटेलात त्यांनी विचारले. हॉटेलवाल्याने सांगितले, "ह्या नावाचा आमच्याकडं कोनी नाही, साहेब. शेजारच्या बोथकड गावचा असंन." मग त्यांनी माझ्या विद्यार्थ्यांना विचारले, हे मात्र त्यांचे चुकले. एक म्हणाला, "आताच इथं होता." दुसऱ्याने मारुतीच्या देवळाकडे बोट दाखवले, तिसऱ्याने नाल्याकडे. साहेब उन्हात सारे गाव फिरले. शेवटी मी त्यांना ओट्यावर बसवून पाणी दिले. माणूस सज्जन आहे. तांब्या रिकामा करून त्यांनी टिपणात लिहिले : 'इसम फिरस्ता असून चौकशीच्या वेळी गैरहजर.'

तेव्हापासून माझ्या वर्गाची शिस्त बिघडली आहे. पाटी कोणी फोडली? तत्रैव. खडू कोणी खाल्ला? तत्रैव. काल हजेरी घेताना वनमालाने 'हजर' म्हटल्यावर तिची धाकटी बहीण दमयंती उभी राहून म्हणाली, "तत्रैव, गुरुजी." शब्दाचा उपयोग अगदी बरोबर असल्याने मला तिला रागावता आले नाही.

४. इथपर्यंतचे सारे मी सहन केले असते. परंतु मागील आठवड्यात आपले निमंत्रण आले. वार्षिक मेळाव्यात सर्वाधिक कोडी सांगणारे निवेदक म्हणून श्री. तत्रैव यांचा शाल व नारळ देऊन सत्कार होणार आहे. एकच कोडे दिल्याबद्दल सोनाबाईंचे 'किरकोळ निवेदक' म्हणून आभार मानलेले आहेत. सोनाबाईंना निमंत्रण वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. त्यावेळचे बोलणे पुरावा म्हणून जसेच्या तसे देतो.

"गुरुजी, हा तत्रैव कोन होय? कोडे माहे, अन् शाल त्याच्या खांद्यावर काऊन?"

मी म्हणालो, "सोनाबाई, तत्रैव म्हणजे तुम्हीच."

"मीच? मंग माह्या बापानं सोनाबाई नाव ठेवलं, थो येडा होता का? एक डाव नाव लिवलं, अन् पुढं काय शाई सरली?"

मी नियम ९ समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि त्या म्हणाल्या, "तुमच्या पगाराच्या कागदावर पहिल्या महिन्याले उद्धवराव, अन् पुढं सालभर तत्रैव लिवलं असतं, तं घेतला असता का पगार?"

मुले समोर बसली होती. गुरुजी काय उत्तर देतात म्हणून सारी माझ्याकडे पाहत राहिली. मी त्या दिवशी वर्ग लवकर सोडला.

महोदय, या निमंत्रणाआधी सोनाबाईंचे नाव छापील कागदावर एकदाच आले होते. ते मतदार यादीत, तेलुगूत, आणि 'सोमाबाई' असे. आपला अंक छापखान्यात जाण्याआधी दुरुस्ती झाली नाही, तर त्यांची चाळीस कोडी कायमची या फिरस्त्याच्या नावावर जातील.

५. तरी विनंती की, सूचीतील प्रत्येक तत्रैव काढून तिथे 'सोनाबाई महिपत भोयर, तामसी' असे पूर्ण नाव छापावे. नियम ९ मोडल्याचा ठपका माझ्यावर ठेवावा. जागा अपुरी पडल्यास माझी प्रस्तावना कापावी. मुलांना ती आवडलेली नाही. सत्कार सोनाबाईंचा व्हावा. श्री. नरसिंगरावांची फाइल बंद व्हावी म्हणून तत्रैव मयत असल्याचा दाखला मिळेल का, हे मी गावच्या दप्तरात विचारून पाहिले. तिथे सांगण्यात आले की, आधी जन्माची नोंद दाखवा.

कळावे, कृपा असावी, आणि यावर पत्राने खुलासा मागवू नये.

आपला नम्र व अजून न थकलेला,
(सही)
उद्धवराव ग्यानबाराव पवळे
सेवानिवृत्त शिक्षक, तामसी, जि. आदिलाबाद

सोबत :
१) दुरुस्त संदर्भसूची.
२) सोनाबाई महिपत भोयर, स्वतः. हा अर्ज टपालाने पाठवणार होतो. आता तो त्या स्वतः घेऊन सकाळच्या बसने निघत आहेत. आपण हे वाचाल तेव्हा त्या आपल्या दारातील बाकावर बसलेल्या असतील. तत्रैवाला समोर पाहिल्याशिवाय उठणार नाही, असे त्यांनी सांगितले आहे. अर्जाची पोच त्यांच्याजवळच द्यावी. पोचेवर नाव पूर्ण लिहावे.